मान वर करा, भाऊ!

जळगाव-धुळ्याकडची मंडळी युरोपच्या सहलीला निघाली की पॅरिसच्या रकान्यात एखादी ओळ सापडते : 'पॅले गार्निए, मार्गदर्शकासह, दीड तास'. दीड तास उभं राहायला आमची हरकत नसते, फक्त समोर वरण-बट्टी शिजत असली पाहिजे. पण हे पॅरिसचं ऑपेरागृह, म्हणजे संगीत नाटकांचं थिएटर, चार्ल्स गार्निए या वास्तुकाराने बांधलेलं. इथे शिजत असतो तो इतिहास.

पहिली अडचण दारातच. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत आणि त्या सांभाळायलाही कोणी नसतं, त्यामुळे दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी सगळं हॉटेलातच ठेवून यावं. दुसरी म्हणजे तारीख. तालीम किंवा रंगमंचाचं काम चालू असलं की प्रेक्षागृह बंद राहतं. तिकीट काढण्याआधी हे पाहिलं नाही तर जिना बघून परत यावं लागतं. तिसरी अडचण कानातलं यंत्र. मार्गदर्शक बाई कुजबुजतात, आपल्याला ऐकू येते ती खरखर, आणि कोणीतरी अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतं, "काय म्हने ती?"

मग मान. प्रेक्षागृहाच्या छतावरचं चित्र चित्रकार शागालचं, १९६४ सालचं, आणि त्याच्यामागे जुनं चित्र अजून आहे. खाली झुंबर, सुमारे सात टनांचं. सात टन म्हणजे रावेरच्या केळीचा भरलेला ट्रक! हे कळल्यावर गटातला प्रत्येक जण आपण त्याच्या बरोबर खाली तर उभे नाही ना, हे तपासतो. भीती अगदीच खोटी नाही. १८९६ च्या मे महिन्यात झुंबराला तोलून धरणारं एक वजन सुटून खाली आलं आणि एक बाई दगावली. हे सांगितल्यावर मात्र कोणालाही 'मान वर करा' म्हणावं लागत नाही.

पण ही इमारत वर बघण्यासाठी नाहीच, असं माझं ठाम मत आहे. संगमरवरी जिना बघा. प्रत्येक मजल्यावरून त्यावर सज्जे काढलेत, कोण आलं, काय नेसून आलं, कोणाबरोबर आलं, हे बघायला. प्रेक्षागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचं. बाजूच्या बॉक्समध्ये, म्हणजे मोजक्या खुर्च्यांच्या खासगी कप्प्यात, बसलात तर अर्धा रंगमंच दिसत नाही, समोरच्या बॉक्समधली माणसं मात्र नखशिखांत दिसतात. मागच्या खुर्चीवाल्याला तेही नाही. त्याने नुसतं ऐकायचं. मध्यंतरात मिरवायला ५४ मीटर लांब, १८ मीटर उंच सोनेरी दालन आहे. म्हणून आमच्या वहिनी पैठणीच्या निऱ्या सावरत तोच जिना चार वेळा चढतात, काका खालून "आखो एक, आखो एक" म्हणत फोटो काढतात आणि मार्गदर्शक बाई घड्याळ बघतात, तेव्हा गार्निएचा नकाशा वहिनींनाच कळलेला असतो.

हे मिरवणं बिचाऱ्या फ्रान्सच्या सम्राटांचं तेवढं हुकलं. १८५८ मध्ये जुन्या ऑपेराकडे जाताना तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब फेकले गेले, म्हणून नव्या इमारतीत त्यांच्या बग्गीसाठी थेट आतपर्यंत चढणारी वेगळी वाट बांधली. १८७० मध्ये गादी गेली, १८७३ मध्ये सम्राट गेले आणि ऑपेरा उघडला ५ जानेवारी १८७५ ला.

तळघरात पाणी आहे. पाया खोदताना भूजल लागलं, उपसून संपेना, तेव्हा गार्निएने मोठी टाकी बांधून ते कोंडलं. तळघर सहसा दाखवत नाहीत, पण पाणी लागलं म्हटल्यावर आमचे सगळे शेतकरी एकदम जागे होतात. "कितला फुटवर लागनं?" या प्रश्नाचं भाषांतर करताना टूर मॅनेजरला घाम फुटतो.

शेवटी बाई एक किस्सा सांगतात. उद्घाटनाच्या रात्री खुद्द गार्निएला आपल्याच इमारतीत बसायला पैसे मोजावे लागले, असं म्हणतात. गट गप्प होतो. काका खिशातून तिकीट काढतात, उलटंसुलटं करून बघतात.

"मंग आपलं काय म्हांगं नई पडनं."