"थेट गाठीवर केमो"वाला मेसेज, जरा थांबून वाचा

परत तोच मेसेज फिरतोय. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होत नसेल तर आता केमो थेट गाठीवर सोडतात, साइड इफेक्ट शून्य, नेहमीची केमो बंद, नवीन शोध आहे आणि डॉक्टर सांगत नाहीत.

आधी "थेट गाठीवर". हे मुख्यतः यकृतात पसरलेल्या गाठींसाठी आहे, आतड्यातल्या मूळ गाठीसाठी नाही. यकृताला बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून) मिळतं पण तिथल्या कॅन्सरच्या गाठी रक्त ओढतात ते मुख्यतः धमनीतून, म्हणून पोटाच्या कातडीखाली एक चपटा डबीसारखा पंप बसवून त्याची नळी त्या धमनीच्या एका फांदीत ठेवतात आणि दर दोन आठवड्यांनी सुई टोचून तो भरतात. पंपात भरलेलं फ्लॉक्सयुरिडिन हे केमोचं औषध यकृत पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळं शोषून घेतं, त्यामुळे उरलेल्या शरीरात फार कमी जातं. केस सहसा जात नाहीत, एवढं त्या मेसेजमधलं खरं.

पण शून्य साइड इफेक्ट? अहो, पित्तनलिकांनाही रक्त त्याच धमनीतून जातं. औषधाने त्या आकसल्या तर कावीळ होते, म्हणूनच सारखं रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारा पिवळा घटक) बघतात आणि पंपात डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड घालतात. पोटाकडे जाणाऱ्या बारीक फांद्या बांधायच्या राहिल्या तर अल्सर होतो तो वेगळाच.

"नेहमीची केमो बंद" हे सगळ्यात धोकादायक. जे औषध यकृतातच संपतं ते फुफ्फुसात पसरलेल्या कॅन्सरच्या पेशींचं काय करणार? म्हणून बहुतेक वेळा शिरेतून केमो सोबत चालूच ठेवतात.

नवीन शोध म्हणाल तर हे पंप १९८० च्या दशकापासून आहेत. डॉक्टर लपवत नाहीत, पंप बसवायलाच एक ऑपरेशन लागतं आणि ते जमणारी टीम फार थोड्या ठिकाणी असते, इतकं साधं कारण आहे.

आणि गंमत म्हणजे खरी चांगली बातमी मेसेजमध्ये नाहीच! न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलच्या एका अभ्यासात यकृतातल्या गाठी काढता येणार नाहीत असे ४९ पेशंट होते, त्यांना पंप आणि शिरेतली केमो दोन्ही दिल्यावर २३ जणांच्या गाठी इतक्या आकसल्या की ऑपरेशन करता आलं. दोन्ही दिल्यावर, हं.