चौकोन कुणी हलवला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कॉम्प्युटरवर चौकोनांची चित्रं करणाऱ्या चित्रकार व्हेरा मोल्नार यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, की नुसतं 'धन्यवाद' म्हणून सुटका करून घेणं बरं दिसलं नसतं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: चौकोन कॉम्प्युटरने काढले, बाईंनी बटण दाबलं आणि वर तत्त्वज्ञानाची झूल चढवली. हात न लागलेल्या चित्राला कला म्हणायचं, तर सोलापूरच्या पूर्व भागात चादरींच्या नक्षीचे ग्राफ भरता भरता डोळे घालवलेल्या तुमच्या वडिलांना काय म्हणायचं?

वडिलांचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून तिथूनच सुरू करतो. मोर काढताना त्यांनी ग्राफच्या एकेका चौकटीचा निर्णय घेतला, भरायची की कोरी सोडायची. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडली. जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, पत्ता आला की भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हुक उचलला जातो, उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. चादर विणली मागाने. त्या सुताला वडिलांचा हात लागलाही नसेल. तरी तो मोर वडिलांचाच ना? मग मोल्नारबाईंना वेगळा न्याय का? (चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना जॅकार्डवरूनच उचलली होती. कॉम्प्युटर आपल्या पेठांना परका नाही, एवढंच सांगायचंय.)

आणि बटणाचं म्हणाल, तर बाईंना कॉम्प्युटर मिळाला १९६८ मध्ये. त्याआधी १९५९ पासून त्या मनातल्या मनात एक यंत्र चालवत होत्या: स्वतःच नियम घालून द्यायचे आणि स्वतःच हाताने, एकही पायरी न गाळता, ते पाळायचे. पुढे कॉम्प्युटरवरही तेच: एकात एक बसवलेले चौकोन घ्यायचे आणि त्यात एक टक्का अव्यवस्था सोडायची. किती हलवलं की डोळा थबकतो, आणि किती हलवलं की नुसता पसारा होतो? माझ्या लेखी त्यांचं तत्त्वज्ञान ते एवढंच, त्याला जड शब्द लागत नाहीत. योगायोगाला त्यांनी मुद्दाम आत घेतलं, कारण हाताला एकदा वळण पडलं की तो तीच रेघ पुन्हा पुन्हा काढतो. चित्रकलेच्या तासाला दोन डोंगरांमधला सूर्य तुम्ही किती वेळा पाहिला असेल!

'स्पर्श नाही' हा तुमचा शब्द मात्र मला खटकला. त्यांच्या आईची पत्रं बुडापेस्टहून पॅरिसला यायची. अक्षर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ताठ, शिस्तीचं. उजवीकडे सरकेल तसं अस्वस्थ, शेवटी जवळजवळ सैरभैर. मोल्नारबाईंनी ही थरथर प्रोग्रॅममध्ये बसवली आणि १९८१ पासून 'आईची पत्रं' ही मालिका केली. त्यात एकही शब्द वाचता येत नाही, आहेत त्या फक्त ओळी. पण आईच्या अक्षरातली घालमेल कुठल्या जागी सुरू होते आणि किती वाढते, हे बारकाईने पाहिल्याशिवाय तो प्रोग्रॅम लिहिताच आला नसता. याला स्पर्श नाही म्हणायचं?

मोबाइलवर एक ओळ टाकून चित्र मागवायचं आणि खाली सही ठोकायची, यावर तुमचा राग असेल तर मी तुमच्याच बाजूने आहे. तिथे नियम कुणाचा, निवड कुणाची, काही पत्ता लागत नाही. पण ती चीड ९९ वर्षं जगलेल्या आणि शेवटपर्यंत काम करत राहिलेल्या बाईंवर काढू नका.

राहिलं 'सोलापूर सोडून पॅरिस कशाला'. वडिलांचे ग्राफ अजून घरात असतील तर बघायला येऊ का? त्यांच्यावर लिहायला मला आवडेल, नाव छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रविवार सोडून कधीही बोलवा, रविवारी मी अक्कलकोटला असतो.