तीन नावे, एक शोध

लघुग्रहांच्या अधिकृत यादीत शोधकांच्या रकान्यात तीन नावे हजारो वेळा एकत्र आढळतात: कॉर्नेलिस फान हाऊटन, त्यांच्या पत्नी इन्ग्रिड फान हाऊटन-ग्रूनवेल्ड आणि टॉम गेरेल्स. यांपैकी आकाशाची छायाचित्रे घेतली ती गेरेल्स यांनी, कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीतून. त्यामुळे ‘मग खरा शोध कुणाचा?’ असा प्रश्न सहज मनात येतो. १९२१ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या इन्ग्रिडबाईंचे काम जवळून पाहिले, तर हा प्रश्नच चुकीचा आहे असे माझे मत आहे.

१९६०च्या शरद ऋतूत पालोमारला घेतलेल्या छायाचित्रांच्या काचेच्या प्लेटा नेदरलँड्समधल्या लायडेनला पोहोचल्या आणि तिथे या दांपत्याने त्या ब्लिंक कम्पॅरेटरखाली तपासल्या. आकाशाच्या एकाच भागाच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन प्लेटा या यंत्रात आलटूनपालटून दिसतात. तारे जागचे हलत नाहीत, लघुग्रह मात्र टुणकन उडी मारतो. ऐकायला खेळच वाटतो! पण प्लेटवर तारे खच्चून भरलेले आणि हवे असलेले ठिपके अतिशय फिके. शिवाय ठिपका सापडून भागत नाही. ज्ञात ताऱ्यांच्या आधाराने त्याचे स्थान अचूक मोजावे लागते आणि वेगवेगळ्या रात्रींचे कोणते ठिपके एकाच लघुग्रहाचे आहेत, हे जुळवावे लागते. तेव्हा कुठे कक्षेचे गणित मांडता येते, आणि ते गणित अमेरिकेतल्या सिनसिनाटीत खगोलशास्त्रज्ञ पॉल हर्गेट यांनी केले. कक्षा नसलेला ठिपका म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

तरीही मोजमापाला ‘साहाय्य’ म्हणण्याची खोड आपल्याला आहे, आणि ते काम नवऱ्याच्या शेजारी बसून बाईने केलेले असले, की विशेषच. यादीने तिघांना बरोबरीने नोंदवले, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. पुढे १९७१, १९७३ आणि १९७७ साली याच तिघांनी ट्रोजन लघुग्रहांसाठी, म्हणजे गुरूच्याच कक्षेत त्याच्या पुढे-मागे राहून सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांसाठी, अशाच पाहण्या केल्या. इन्ग्रिडबाई २०१५ साली वारल्या.

१९६०च्या त्या प्लेटांवर ‘६३४४ पी-एल’ (पी-एल म्हणजे पालोमार-लायडेन) नावाचा, पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारा एक लघुग्रहही होता. तो नंतर हरवला. २००७ साली नव्याने दिसलेल्या एका वस्तूची कक्षा मागे नेऊन पाहिली, तेव्हा ती लायडेनमध्ये मोजून ठेवलेल्या जुन्या स्थानांशी जुळली.