घाट उतरताना हायब्रिड एसयूव्ही न्यूट्रलमध्ये टाकण्याचा सल्ला : एका संदेशाचा प्रतिवाद

'स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही घेणाऱ्यांनो सावधान' अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर या गटातून त्या गटात फिरतो आहे. अशा, म्हणजे पेट्रोल इंजिन व विद्युत मोटर या दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीचा गिअरबॉक्स रबरी पट्ट्यावर चालतो व पन्नास हजार किलोमीटरच्या आत तुटतो, बॅटरी पाच वर्षांत संपते व बदलायला इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीइतका खर्च येतो, घाट चढताना ती रिकामी झाली की गाडी जागीच उभी राहते, पुराच्या पाण्यात अशा गाडीला हात लावला तर शॉक बसतो आणि कॅनडातील मालकांच्या अनुभवांवरून हायब्रिड गाड्या साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जास्त बिघडतात हे सिद्ध झाले आहे, असे त्यात म्हटले आहे. तो एवढ्यावर थांबला असता तर मी दुर्लक्ष केले असते. परंतु शेवटी त्यात एक सल्ला आहे : घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाका, म्हणजे गिअरबॉक्सवर ताण येणार नाही आणि बॅटरीही फुकट चार्ज होईल. माझे दाजी चिपळूणला असतात, त्यांच्याकडे टोयोटाची हायरायडर हायब्रिड आहे, कामानिमित्त त्यांचे कऱ्हाडला जाणे-येणे असते, आणि कुंभार्ली घाट आपण हल्ली न्यूट्रलमध्येच उतरतो असे त्यांनी परवा मला फोनवर मोठ्या समाधानाने सांगितले. त्या गाडीत ताई आणि मुले बसतात. म्हणून आधी या सल्ल्याबद्दलच लिहितो.

हा सल्ला पूर्णपणे उलटा आहे. टोयोटाच्या हायब्रिड रचनेत गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की दोन्ही विद्युत मोटरींचे काम थांबते. त्यामुळे चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होत नाही आणि इंजिन चालू असले तरी मुख्य बॅटरी चार्ज होत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की 'डी'मध्ये (नेहमीच्या ड्राइव्ह स्थानात) असताना मोटर चाकांना जो विरोध करते, तोही नाहीसा होतो आणि गाडीचा सगळा भार डिस्क व ब्रेक पॅडवर येतो. माणसे आणि सामान धरून 1,600 किलो वजनाची गाडी 500 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 2 युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. न्यूट्रलमध्ये ती बहुतांश ब्रेकमध्ये उष्णता म्हणून साठते. ब्रेक तापले की पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळले तर पेडल थेट खाली जाते, आणि हे सहसा घाटाच्या शेवटच्या वळणांवर घडते, कारण तोपर्यंत उष्णता पुरेशी साठलेली असते. बोरघाटात न्यूट्रलवर सोडलेल्या ट्रकांचे काय होते हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

या गैरसमजाचे मूळ मात्र मला समजते. हायरायडर आणि मारुतीच्या ग्रँड विटारा हायब्रिडची बॅटरी केवळ पाऊण युनिट क्षमतेची असल्याने लांब उतारावर ती थोड्याच वेळात भरते. त्यानंतर आणखी वीज घेता येत नाही म्हणून बंद असलेले इंजिन गाडी पेट्रोल न जाळता नुसते फिरवू लागते आणि त्याच्या विरोधाचा उपयोग ब्रेकसारखा करते. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, रस्ता उताराचा असतो आणि तरीही इंजिन एकाएकी मोठ्याने घुमू लागते. हा आवाज प्रथमच ऐकणाऱ्याला गिअरबॉक्सला काहीतरी झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी गाडी तुमचे ब्रेक वाचवत असते. या दोन्ही गाड्यांत यासाठीच गिअर लिव्हरला 'बी' हे स्थान दिले आहे. कोयनानगरहून पोफळीकडे उतरताना लिव्हर 'बी'वर घ्यावा, आवाज होऊ द्यावा आणि गरजेपुरताच ब्रेक दाबावा.

आता रबरी पट्ट्याबद्दल. या हायब्रिड गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पट्टाच नाही, मग तो तुटणार कोठून? तेथे प्लॅनेटरी गिअर असतात : मधल्या दातेरी चाकाला एक मोटर जोडलेली, त्याभोवती फिरणाऱ्या लहान चाकांच्या चौकटीला इंजिन जोडलेले, आणि बाहेरच्या कड्यातून शक्ती गाडीच्या चाकांकडे जाते, तेथेच दुसरी मोटर येऊन मिळते. वेग कमी-जास्त होतो तो पहिल्या मोटरीच्या फिरण्यावरून. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. नेहमीच्या गाडीत झिजणारे इतके भाग येथे मुळात नसतात. ही कल्पना 1997 साली जपानमध्ये प्रियसमधून बाजारात आली, त्यामुळे तिला नवखी म्हणता येत नाही. पट्टा असतो तो टोयोटाच्याच इनोव्हा हायक्रॉसच्या बिगर-हायब्रिड पेट्रोल आवृत्तीच्या सीव्हीटीत (गिअरचे ठरावीक टप्पे नसलेल्या गिअरबॉक्समध्ये), आणि तोही रबराचा नसून पोलादी असतो.

बॅटरीबाबत एकच गोष्ट पुरेशी आहे. पाच वर्षांत संपणाऱ्या वस्तूवर कोणतीही कंपनी 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देत नाही, आणि भारतात या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीवर तेवढी वॉरंटी आहे. शिवाय संपूर्ण इलेक्ट्रिक गाडीतील तीस-चाळीस युनिटच्या बॅटरीची किंमत पाऊण युनिटच्या बॅटरीला लावणे हा हिशेबच चुकीचा आहे.

घाट चढताना गाडी उभी राहते हेही खरे नाही, कारण इंजिन चढावर चालूच असते आणि त्यातूनच मोटरीला वीज मिळत राहते. एवढे मात्र मान्य करावे लागेल की पाच माणसे, भरलेली डिकी आणि चालू एसी घेऊन लांब चढण चढताना हायरायडरचे दीड लिटरचे तीन सिलिंडरी इंजिन ओरडते आणि ओढ कमी झाल्याचे जाणवते. इंजिन व मोटर मिळून तिची ताकद 116 पीएस आहे. 186 पीएसच्या हायक्रॉसशी तिची तुलना करू नये. ही मर्यादा आहे, बिघाड नव्हे.

कॅनडाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. टोयोटाच्या 2019 पासूनच्या आरएव्ही4 हायब्रिडमध्ये मागच्या चाकांसाठी स्वतंत्र मोटर असते. तिच्याकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या केबलचा जोड हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे गंजला, मालकांच्या हाती हजारो डॉलरांची अंदाजपत्रके पडली आणि ओरड झाल्यानंतर कंपनीने वॉरंटी वाढवली. त्या मालकांचा संताप रास्त होता. परंतु भारतातील हायरायडर, ग्रँड विटारा व हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांत मागची मोटर नाही आणि म्हणून ती केबलही नाही. राहिला 'जास्त बिघडतात' हा दावा. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने 2023 मध्ये सुमारे 3,30,000 गाड्यांच्या मालकांकडून आलेल्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष नेमका उलट आहे : हायब्रिड गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा 26 टक्के कमी तक्रारी. त्याच अहवालात बाहेरून चार्ज कराव्या लागणाऱ्या प्लग-इन हायब्रिडमध्ये 146 टक्के जास्त तक्रारी आढळल्या. संदेश लिहिणाऱ्याने हे दोन प्रकार एकच मानले असावेत.

शॉकचा मुद्दा थोडक्यात. उच्च दाबाचे परिपथ गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून वेगळे ठेवलेले असतात आणि गाडी बंद केली की रिले (आपोआप उघडणारे स्विच) त्यांना बॅटरीपासून तोडतात. तरीही उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावू नये आणि पुरात बुडालेली कोणतीही गाडी, हायब्रिड असो वा नसो, चालू करून पाहू नये. चिपळूणने जुलै 2021 मध्ये जे पाहिले त्यानंतर दाजींना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

'हायब्रिडची बॅटरी गेली, गाडी सुरूच होईना' अशा ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यांपैकी बऱ्याच साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीच्या असतात. गाडी काही आठवडे उभी राहिली की ही लहान बॅटरी उतरते, संगणक जागा होत नाही आणि डॅशबोर्डवर 'रेडी' उमटत नाही. मोठी बॅटरी त्या वेळी धडधाकट असते. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन गाडी सुरू होते, आणि नंतर ती 12 व्होल्टची बॅटरी तपासून गरज असल्यास बदलावी.