औषधाच्या कागदावर जेवणही लिहा

गेल्या दिवाळीत नागपूरला आले होते, तेव्हा धंतोलीत एका इस्पितळाबाहेर गोंदियाकडची एक आई भेटली. मांडीवर चार वर्षांचा मुलगा. पोट टम्म, हातपाय काड्या. विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा कॅन्सर. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला तर म्हणाली, "त्याले गोड देतच नाही जी, गोडानं गाठ वाढते म्हनतात." दूध आणि अंडीही बंद केली होती. मोबाइलवर कुणीतरी तसं पाठवलं होतं.

मी तिला समजावलं, पण एका अनोळखी बाईचं ती किती ऐकणार?

इथे नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात आमच्या गल्लीतल्या एका मुलीला हाच आजार झाला होता. नाकातली नळी गालावर चिकटवलेली, आईच्या सायकलच्या पुढच्या पेटीत बसून ती बाजारात यायची. तोंडानं जेवण गेलं नाही तर ते नळीतून जायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. श्रीमंत देशांत ही दहातली नऊ मुलं बरी होतात. पैसा आहे, हे खरंच. पण या आजारात कुपोषण काय करतं, हे नीट कळलं ते मलावीत, आपल्याहूनही गरीब देशात.

तिथे मुलं येतात तेव्हा गाठ एवढी मोठी असते की वजनकाटा फसवतो. मूल वाळत जातं, गाठ भरत जाते, आकडा मात्र ठीक दिसतो. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी दंडाचा घेर मोजला. कुपोषित मुलांच्या शरीरातून व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध सावकाश बाहेर पडतं, हेही तिथेच दिसलं. म्हणजे औषधाचा त्रास त्यांना जास्त होण्याची भीती. उपाय म्हणून त्यांनी पौष्टिक केलेलं शेंगदाण्याचं लोणी दिलं. शेंगदाणे! विदर्भात कुठल्या घरात कूट नसतं?

दंडाची पट्टीही आपल्याला नवी नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटीमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, हे मेळघाटातली अंगणवाडी सेविका सांगेल.

जानेवारी 2025 मध्ये राज्याने शाळेच्या आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला. अंडं असावं की नसावं यावर आपल्याकडे आधीपासूनच तावातावानं भांडणं चालू आहेत. मला ती भरल्या पोटाची भांडणं वाटतात. अंडं नको असेल तर तुपाची खिचडी द्या, कूट घातलेलं दही द्या. पण मूल उपाशी ठेवून गाठ उपाशी मरत नाही. नुसत्या खाण्यानं ती विरघळतही नाही, केमो आणि ऑपरेशन लागतंच. ते सोसायला अंगात काहीतरी हवं.

बालाघाट, छिंदवाड्यापासून गडचिरोलीपर्यंतची मुलं नागपूरला येतात. डॉक्टर, ज्या कागदावर औषधाचा डोस लिहिता, त्याच कागदावर पहिल्या दिवशी दंडाचा घेर लिहा. आणि त्याखाली, आज रात्री धर्मशाळेत आईनं त्याला काय भरवायचं, तेही मराठीत आणि हिंदीत.