पाच लाखांचे कार्ड आणि दवाखान्याची खतावणी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या खासगी दवाखान्याचे हिशेब मी गेली अकरा वर्षे पाहतो. परवा मांडीच्या हाडात सळई टाकून घरी निघालेल्या एका शेतमजुराच्या वडिलांनी मला दारातच विचारले, "पाच लाख तं तुमाले भेटलेच असन न जी?"

राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेले हे खरे. परंतु ती एका कुटुंबाच्या वर्षभराच्या उपचारांची मर्यादा आहे. दवाखान्याला मिळते ते त्या शस्त्रक्रियेसाठी ठरलेले पॅकेज, आणि त्यातच खाट, तपासण्या, औषधे, सळई, जेवण, घरी परतण्याचे एसटीभाडे व सुटी झाल्यानंतरच्या 10 दिवसांची देखरेख बसवायची असते. मर्यादा वाढली म्हणून पॅकेज वाढत नाही, हे त्या बाबांना समजावताना माझीच दमछाक झाली.

त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलला रात्री रानडुक्कर आडवे आले होते. आमच्याकडे पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नाही. ते यवतमाळहून येतात आणि त्यांचे मानधन त्याच दिवशी रोख द्यावे लागते. रक्ताची पिशवी आणायलाही गाडी यवतमाळलाच गेली. शस्त्रक्रिया सुरू असताना वीज गेली, ती दोन तास आली नाही, म्हणून जनरेटरचे डिझेल. नंतर क्लेमवर क्वेरी आली, की एक्स-रेवरील नाव नीट वाचता येत नाही. एक्स-रे पुन्हा अपलोड केला. पैसे अजून यायचे आहेत. सळई देणारा नागपूरचा व्यापारी मात्र महिन्याच्या वर थांबत नाही, त्यामुळे त्याची रक्कम आम्ही बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून भागवली, आणि त्या व्याजासाठी कोणत्याही पॅकेजमध्ये जागा नाही.

माझ्या खतावणीपुरते सांगायचे तर पॅकेजमधून औषधे आणि सळई निघते. पगार, वीज आणि व्याज निघत नाही. शहरातील रुग्णालये ही तूट रोखीच्या आणि मेडिक्लेमच्या रुग्णांवर भरून काढतात. आमच्याकडे तसा रुग्ण उरतोच किती? पिवळे आणि केशरी कार्ड पूर्वीपासूनच योजनेत होते, आणि आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांपैकी असल्याने पांढऱ्या कार्डाचा शेतकरीही सातबारा दाखवून येतच होता. आता तर राज्यातील सर्वच कुटुंबे आली. ती यावीत, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पूर्वी अशाच ऑपरेशनसाठी एकर विकलेले लोक मी पाहिले आहेत.

पॅकेज पुरत नाही, हेच कारण पुढे करून काही दवाखाने कार्ड असलेल्या रुग्णाकडून "वरचा फरक" म्हणून चिठ्ठीशिवाय पैसे घेतात. ती लूटच आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. शिवाय हेही कबूल केले पाहिजे, की योजनेचा रुग्ण नसता तर आमचे शस्त्रक्रियागृह आठवड्यातून चार दिवस बंद राहिले असते.

तरीही जिल्ह्याच्या गावाहून भूलतज्ज्ञ आणि रक्त आणण्याचा खर्च दरात वेगळा धरला जावा, आणि मंजूर क्लेम ठरलेल्या मुदतीनंतर मिळाल्यास त्यावर व्याज मिळावे, एवढे मागणे मला गैर वाटत नाही. पॅकेजपेक्षा या दोन रकमाच आम्हाला जास्त बुडवतात. बाबांना मी शेवटी खतावणीतले त्यांच्या मुलाचे पान काढून दाखवले. त्यांनी जमेच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, "हे रिकामंच हाय न जी अजून?"