मक्याच्या पाकिटातला जव

कॉर्नफ्लेक्सच्या पाकिटावर पुढे मक्याचं पिवळंधमक कणीस असतं. मक्यात ग्लुटेन (गहू, जव यांतलं एक प्रथिन) नसतं, म्हणून सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आजार, असलेल्या मुलांना ते निर्धास्तपणे दिलं जातं. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी पाकीट उलटं करा. मका, साखर, मग 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा अर्क), मीठ. हा माल्ट बहुतेक वेळा जवाचा असतो आणि जवात ग्लुटेन असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. माल्ट चवीपुरता घातलेला, म्हणून तो मागे कुठेतरी येतो आणि नजरेतून सुटतो. चवीपुरताच आहे म्हणून सोडून मात्र देता येत नाही. 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या देशातला नियम आहे.

माझ्या मुलीला सिलिॲक आहे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची खुंटते, रक्त कमी होतं. यावर गोळी नाही, आयुष्यभराचं पथ्य हाच उपचार. (कुणाच्या मुलाबद्दल शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.)

आमच्याकडे सकाळचं सगळं सासूबाई बघतात, कारण मी लवकर कामाला निघते. नातीच्या पथ्याबाबत त्या माझ्यापेक्षा कडक आहेत. तिचा तवा वेगळा, परात वेगळी. चपातीची कणीक मळून झाली की ओटा दोनदा पुसतात, मगच भाकरी थापायला घेतात. रोजचा मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारी ही बाई पाकिटापुढे मात्र अडते. यादी इंग्रजीत, अक्षरं बारीक, अर्धी ओळ शिवणीत गेलेली, वर दुकानदाराने किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. "अगं, ह्यात काय काय हाय ते वाच की," म्हणून माझ्यापुढे धरतात. मी मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून वाचते. मी घरात नसेन तर त्या पाकीट फोडतच नाहीत.

हा दोष त्यांचा नाही. नियमाप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत छापली की भागतं, बाकीच्या भाषा कंपनीच्या मर्जीवर. ग्लुटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर 'कंटेन्स' (यात आहे) म्हणून वेगळा इशारा द्यावा लागतो, ही चांगली सोय आहे. पण ती कुणासाठी? सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी घरं शेजारीशेजारी आहेत आणि मुलांना खाऊ घालणारी आजी बहुतेक घरांत इंग्रजी वाचत नाही. सगळी यादी राहू द्या, निदान 'यात गहू आहे', 'यात जव आहे' एवढी एक ओळ पुढच्या बाजूला, ठळक, मराठीत छापा. जाहिराती मराठीत करता येतात, मग ही ओळ का नाही?

'मल्टिग्रेन' लिहिलेलं तर मी आधी संशयानेच बघते. पुढे नाचणी-ज्वारीचं चित्र असतं आणि मागे यादीत पहिला गहूच निघतो. मुसलीत (दुधात घालून खायच्या धान्य-सुकामेव्याच्या मिश्रणात) गव्हाचे फ्लेक्स किंवा कोंडा असू शकतो. ओट्स गव्हाच्याच शेतात, गोदामात, यंत्रात फिरून येतात, म्हणून ग्लुटेन-फ्री छापलेले असतील तरच, आणि तेही डॉक्टरांना विचारून. 'गहू नाही' म्हणजे 'ग्लुटेन नाही' असं धरू नका, जव राहतोच. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींचंही तेच.

लोक म्हणतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या जिल्ह्यात राहून पाकिटं हवीत कशाला? भाकरी, शेंगाचटणी, लाह्या, पोहे आम्ही खातोच, आनंदाने खातो. पण वर्गातल्या बाकीच्या मुली जे खातात ते एखाद्या सकाळी आपल्यालाही मिळावं, हे लहान मुलीचं मागणं काही चैनीचं नाही. शिवाय घरच्या जेवणातही बघावं लागतंच. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पहिल्या पिठात गहू उतरतोच. आमचे गिरणीवाले काका समजूतदार आहेत, पण पुढे गव्हाच्या डब्यांची रांग असली की तेही काय करणार? शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीच जात नाही.

सध्या प्रत्येक डब्यावर मी मराठीत चिठ्ठी चिकटवते, 'चालतं' किंवा 'चालत नाही'. नेहमीचंच पाकीट असलं तरी दर वेळी यादी पुन्हा वाचते, कारण पुढचं कणीस तेच ठेवून आतला माल बदलू शकतो. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी सिलिॲकचं मूल असेल तर त्यांच्या आजीला अशा चिठ्ठ्या लिहून द्या.